तीन पेढ्या, एक खतावणी

आमच्या घराण्यात मधुमेह तीन पिढ्यांपासून नांदतो आहे. आजोबांना होता, वडिलांना होता, थोरल्या काकांना आहे. सांगलीच्या हळदीच्या पेठेतील अनेक घरांची हीच कथा. त्यामुळे गेल्या वर्षी एका आरोग्य शिबिरात मधुमेहाच्या आनुवंशिकतेवरील संशोधनासाठी रक्त देण्याची विनंती झाली, तेव्हा घरात कोणाला नवल वाटले नाही. काकांनी मात्र संमतिपत्र हाती घेऊन विचारले, “रक्त किती ठिकाणी जाणार, आणि हिशेब कोण ठेवणार?” अनेक संस्था मिळून हे काम करीत आहेत, एवढेच उत्तर मिळाले. आडतीवर आयुष्य गेलेल्या माणसाचे त्याने समाधान होणे कठीण होते. माझेही झाले नाही, म्हणून या विषयाचे थोडे वाचन केले. त्यात जे सर्वांत मोलाचे वाटले ते प्रयोगशाळेतले नव्हते, कारभारातले होते.

दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, म्हणजे आपल्याकडे बहुधा चाळिशीच्या आसपास जडतो तो, एकाच जनुकामुळे होत नाही. त्यात शेकडो जनुकीय फरकांचा वाटा असतो आणि प्रत्येकाचा वाटा अगदी थोडा. थोडा वाटा ओळखायचा तर माणसे पुष्कळ लागतात. इतकी, की एका संस्थेच्या आवाक्यात ती येत नाहीत. २००६ च्या सुमारास तीन गट हेच काम वेगवेगळे करीत होते. पहिला ब्रिटनमधला, वेलकम ट्रस्टच्या आधारावर उभा राहिलेला. दुसरा अमेरिकेतील ब्रॉड इन्स्टिट्यूट, स्वीडनचे लुंड विद्यापीठ आणि नोव्हार्टिस ही औषध कंपनी यांचा. तिसरा ‘फ्यूजन’ या नावाचा, फिनलंड आणि अमेरिका येथील संशोधकांचा. तिघेही एकाच बाजारातले प्रतिस्पर्धी, कारण शोध आधी प्रसिद्ध करणाऱ्याचेच नाव राहते. तरीही तिघांनी प्रसिद्धीपूर्वी आपापले निष्कर्ष एकमेकांस दाखविण्याचे ठरविले. तीनही निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या १ जून २००७ च्या अंकात लागोपाठ छापले गेले. नोव्हार्टिससह काम करणाऱ्या गटाने तर आपले निष्कर्ष त्या फेब्रुवारीतच सर्वांसाठी खुले केले होते. कंपनीच्या पैशातून झालेल्या कामाचे असे होणे विरळाच.

एकमेकांस दाखविणे वेगळे आणि एक खतावणी करणे वेगळे. ते पुढच्या वर्षी झाले. व्यापाऱ्याच्या मनाला समाधान देणारे आकडे येथे देतो. ब्रिटिश गटाकडे मधुमेही १,९२४, ब्रॉड-लुंड गटाकडे १,४६४, फ्यूजनकडे १,१६१; बेरीज ४,५४९. तुलनेसाठी घेतलेली माणसे अनुक्रमे २,९३८, १,४६७ आणि १,१७४, बेरीज ५,५७९. एकूण १०,१२८. या एकत्रित हिशेबातून पुढे आलेल्या जागा आणखी हजारो लोकांत तपासल्यावर सहा नवीन जनुकीय ठिकाणे पक्की झाली. ती एकेकट्या गटाला पक्की करता आली नव्हती.

बेरीज सोपी दिसते. तिच्यामागचा कारभार सोपा नव्हता. तिघांच्या चोपड्यांत एकाच गोष्टीच्या नोंदी निराळ्या होत्या. दोन गटांनी एका कंपनीची तपासणी चिप वापरली होती. तिच्यावर सुमारे पाच लाख खुणा. तिसऱ्याची चिप दुसऱ्या कंपनीची, सुमारे सव्वातीन लाख खुणांची, आणि खुणाही बऱ्याचशा वेगळ्या. तेव्हा ‘हॅपमॅप’ या सामाईक नकाशाच्या आधारे प्रत्येकाच्या न वाचलेल्या जागा शेजारच्या खुणांवरून अनुमानाने भराव्या लागल्या.

त्याहून नाजूक प्रश्न डीएनएच्या दोन पदरांचा. अक्षरे चार: ए, टी, सी आणि जी. एका पदरावर ए असेल तर समोर टी, आणि सी असेल तर समोर जी. एका प्रयोगशाळेने वरचा पदर वाचला आणि दुसरीने खालचा, तर एकाच माणसाची नोंद दोन तऱ्हांनी होते. फरक ए आणि जी यांतला असेल तर समोरच्या पदरावर टी आणि सी दिसतात, घोळ लगेच ध्यानात येतो. पण फरक ए आणि टी यांतलाच असेल, तर दोन्ही बाजूंनी तीच अक्षरे! तेथे चूक झाली तर धोक्याचे अक्षर संरक्षक ठरते. जमेची रक्कम नावे पडते आणि बेरजेत तिचा मागमूस उरत नाही. असे प्रत्येक अक्षर लोकांत किती प्रमाणात आढळते ते पाहून जुळवावे लागते. हे काम करणाऱ्याचे नाव वृत्तपत्रांत येत नाही. आपल्या जुन्या दिवाणजींचेही कोठे येत असे?

माणसे कशी निवडली याची नोंदही तितकीच महत्त्वाची ठरली. ‘एफटीओ’ नावाच्या जनुकाचा मधुमेहाशी संबंध ब्रिटिश गटाला ठळक दिसला, ब्रॉड-लुंड गटाला दिसेना. कारण निवडीत होते. त्या गटाने मधुमेही आणि निरोगी यांची शरीराच्या वजनमानानुसार बरोबरी साधून घेतली होती. ब्रिटिशांनी तसे केले नव्हते. एफटीओ माणसाचे वजन वाढवतो आणि त्या वाटेने मधुमेह आणतो. वजन सारखे केलेल्या गटात तो दिसणार कसा? निवडीची नोंद नीट नसती तर एकाची चूक म्हणून हा शोध बाजूला पडला असता.

तेथून व्याप फार वाढला आहे. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संयुक्त अभ्यासात पंचवीस लाखांहून अधिक माणसे होती, त्यांत मधुमेही ४,२८,४५२. तरी साठ टक्के माणसे युरोपीय वंशाचीच. आपल्या दृष्टीने ही उणीव लहान नाही. युरोपीयांवरून बांधलेला धोक्याचा अंदाज आपल्याला तितका नेमका लागू पडत नाही. आपला देह दिसायला सडपातळ आणि आत चरबी बाळगणारा, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगापुढे मांडले आहे. आइसलंडच्या शास्त्रज्ञांना २००६ मध्ये सापडलेला टीसीएफ७एल२ या जनुकातला फरक भारतीयांतही मधुमेहाशी निगडित आहे, हे पुणे आणि हैदराबादच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले. त्यासाठी पुण्याच्या लोकांनी रक्त दिले होते, हे आपण सहसा विसरतो.

आणि काकांची शंका? ती अवाजवी नव्हती. गटागटांनी फक्त बेरजा जाहीर केल्या तर व्यक्ती ओळखू येणार नाही, असा पूर्वी समज होता. २००८ मध्ये एका अभ्यासाने दाखवले की, एखाद्याची जनुकीय माहिती हाती असेल तर तो माणूस त्या बेरजेत आहे की नाही हे ताडता येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्याच ऑगस्टमध्ये असे आकडे सार्वजनिक पानांवरून काढून घेतले. त्यानंतर २०१८ पर्यंत ते पाहण्यासाठी अर्ज करावा लागे आणि वापराच्या अटी मान्य कराव्या लागत.

शिबिरातले ते संमतिपत्र काकांनी घरी आणले आणि भागीदारीचा करार वाचावा तसे दोन संध्याकाळी वाचले. कुपीवर नाव नसून क्रमांक असेल. नाव आणि क्रमांक यांची यादी वेगळ्या कुलुपात राहील. देणाऱ्याने कळविल्यास उरलेले रक्त नष्ट केले जाईल. येथवर त्यांनी मान डोलावली. पुढच्या कलमात मात्र असे होते की, तोवर एकत्रित हिशेबात गेलेली माहिती परत काढता येणार नाही. त्या ओळीवर त्यांनी बराच वेळ बोट ठेवले. मग म्हणाले, “बरोबर आहे. बंद झालेल्या वर्षाची पट्टी फिरवता येत नाही.” परदेशी संस्थेला माहिती देण्यापूर्वी कोणाची मंजुरी घेणार, हा प्रश्न त्यांनी समासात पेन्सिलीने लिहिला आणि पत्र तसेच परत पाठवले. आठ दिवसांनी मंजुरीच्या पत्राची प्रत आली. ती त्यांनी आपल्या औषधांच्या चिठ्ठ्यांच्या फायलीत लावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन आले.