विलीनीकरण कंपन्यांचे, बेपत्ता आपण

१/ सांगली जिल्ह्याचे पहिले नाव ‘दक्षिण सातारा’ होते. ऑगस्ट १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके आणि सांगली, मिरज, जत या विलीन संस्थानांचा मुलूख एकत्र करून तो घडवला गेला. २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचे ‘सांगली’ असे नामकरण झाले. म्हणजे बारा वर्षांच्या आत तासगावकराच्या पत्त्यातील जिल्हा दोनदा बदलला. म्हणून त्याची जुनी पत्रे कोणी जप्त केली नाहीत, की नवी अडवली नाहीत.

२/ आता दुसऱ्या विलीनीकरणांकडे वळू. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या काळच्या ईमेल पत्त्यात चक्क सर्व्हरचे नाव असे. ‘जीआयएएसबीएम०१’ म्हणजे मुंबई, ‘जीआयएएसपीएन०१’ म्हणजे पुणे. यंत्र बदलले की पत्ता बदलणार, ही व्यवस्था पायातच कच्ची होती.

३/ फेब्रुवारी २००२ मध्ये निगमचे नियंत्रण टाटा समूहाकडे गेले आणि २००८ मध्ये ‘टाटा कम्युनिकेशन्स’ हे नाव आले. इकडे ऑक्टोबर २००० मध्ये बीएसएनएल स्थापन झाली. तिच्याच छत्राखाली संचारनेट, डेटावन आणि बीएसएनएल अशी तीन आडनावे ईमेलला लागली. लहान खाजगी पुरवठादार किती आले आणि कोणाच्या पोटात गेले, त्याची तर गणतीच नको.

४/ सांगलीच्या माझ्या मामांचा पत्ता असाच गेला. (पुरवठादाराचे नाव घेत नाही; मुद्दा एका कंपनीचा नाही.) विलीनीकरण झाले, मग एक सूचना आली, आणि ठरलेल्या दिवसानंतर खाते उघडेना. बँक, विमा, निवृत्तिवेतन, सगळीकडे तोच पत्ता नोंदलेला. तो बदलायचा तर पडताळणीचा संदेश त्याच बंद खात्यावर जाणार! अमेरिकेतील भावाशी झालेला अनेक वर्षांचा पत्रव्यवहार गेला तो वेगळाच.

५/ हे केवळ भारतातले दुखणे नव्हे. ब्रिटनमध्ये फ्रीसर्व्हचे वानाडू झाले, वानाडूचे ऑरेंज, आणि ऑरेंज पुढे ईई या कंपनीत मिसळले. ३१ मे २०१७ रोजी ईईने या तिन्ही नावांचे ईमेल पत्ते बंद केले.

६/ यावर ठरलेले उत्तर असते : “सेवा फुकट होती, अटी वाचायच्या होत्या.” फुकट कसली? डायल-अपचे तास विकत घेतले जात, वर टेलिफोनचे बिल निराळे. पत्ता त्या जोडणीचाच भाग होता. दुसरे उत्तर : “जीमेल घ्या.” हा घरमालक बदलण्याचा सल्ला झाला, भाडेकरूला हक्क मिळाला नाही तो नाहीच. स्वतःचे डोमेन घेणे बरे, पण दरवर्षी शुल्क भरून ते सांभाळण्याची अपेक्षा सत्तरीच्या मामांकडून करायची का?

७/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला याची चिंता अधिक वाटावी. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले, पण वाड्यावाड्यांतले रुमाल जागेवर राहिले. म्हणूनच राजवाड्यांना वाईत पानिपतकालीन पत्रे मिळाली आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघू शकला. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांचे दप्तर चाळून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. राज्य बुडाले तरी पत्र उरले, ते ज्याचे त्याच्या घरात होते म्हणून. १९९५ नंतरच्या पहिल्या दशकातील मराठी माणसाचा पत्रव्यवहार कोणाच्या घरात आहे? कंपनीच्या. आणि कंपनीला त्यात रस नाही.

८/ उपाय अशक्य आहे, हे मला मान्य नाही. जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलूनही मोबाइल क्रमांक तोच ठेवता येतो. तो नियमाने मिळालेला हक्क आहे, कोणा कंपनीच्या औदार्याने नव्हे. घर बदलल्यास टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याचा अर्ज पोस्टात करता येतो. फ्रान्समध्ये जोडणी तोडल्यावरही पुरवठादाराला सहा महिने ग्राहकाचा ईमेल पत्ता विनामूल्य चालू ठेवावा लागतो. आपल्याकडे कंपनी विकत घेणाऱ्यावर किमान इतकी सक्ती हवी : दोन वर्षे टपाल वळवा आणि सगळा पत्रव्यवहार उतरवून घेण्याची सोय द्या.

९/ तोवर एक काम करा. आईवडिलांचे, आजोबांचे जुने ईमेल खाते अजून उघडते का ते याच आठवड्यात पाहा. उघडत असेल तर सारी पत्रे स्वतःच्या डिस्कवर उतरवा, आणि प्रत एक नको, दोन ठेवा.