उसने शस्त्र आणि जुनी ढाल

घरात कुणाला सर्दी झाली की औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या आणायच्या, दोन दिवसांत बरे वाटले की उरलेल्या फडताळात ठेवायच्या आणि पुढच्या वेळी दुसऱ्याला द्यायच्या, ही सवय आपल्या सुशिक्षित कुटुंबांतही मुरली आहे. ही शस्त्रे मुळात कुणाची, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

त्यांपैकी कित्येक जिवाणूंनीच घडवलेली आहेत. क्षयावरचे पहिले प्रभावी प्रतिजैविक, १९४३ साली सापडलेले स्ट्रेप्टोमायसिन, हे मातीतल्या जिवाणूचे देणे. १९२५ साली आंद्रे ग्रातिया यांना ई. कोलायचा एक वाण दुसऱ्याची वाढ रोखताना आढळला. या मारक प्रथिनांना पुढे 'कोलिसिन' हे नाव मिळाले. वसाहतीतल्या थोड्याच पेशी ते तयार करतात आणि ते बाहेर सोडताना बहुधा स्वतः फुटून मरतात. लाभ होतो उरलेल्या भाऊबंदांना. पटकीच्या जिवाणूजवळ तर चक्क भाला आहे. आवरण आकुंचन पावताच विषारी टोकाची नळी शेजाऱ्याच्या अंगात घुसते. २००६ साली उजेडात आलेल्या या यंत्रणेची रचना जिवाणूभक्षक विषाणूच्या शेपटीशी मिळतीजुळती आहे.

खरी गोम पुढेच आहे. शस्त्र बाळगणाऱ्याला त्याच शस्त्रापासून स्वतःला वाचवावे लागते. म्हणून विषाच्या जनुकाशेजारीच संरक्षक प्रथिनाचे जनुक असते. विष किंचित बदलले आणि सोबत ढालही बदलली, की जुनी ढाल बाळगणारे उघडे पडतात. ही चढाओढ मनुष्यजातीहून कितीतरी जुनी आहे. २०११ साली कॅनडातील ३० हजार वर्षे गोठलेल्या मातीत प्रतिजैविकांना निष्प्रभ करणारी जनुके सापडली, तेव्हा ना औषधे होती ना दवाखाने!

म्हणजे ढाल आपण निर्माण केली नाही. परंतु अकारण गोळी घेऊन आपण ढाल नसलेल्यांना मारतो आणि ढालवाल्यांना मैदान मोकळे करून देतो. सर्दी तर विषाणूंची. तिच्यावर हे शस्त्र चालतच नाही. २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे दुकानदारांवर बंधनकारक झाले. पण कायदा दुकानापर्यंत पोहोचतो, फडताळापर्यंत नाही. तेथे शिस्त गृहस्थानेच पाळायची असते. उसने आणलेले शस्त्र उधळणाऱ्यावर ऐन संकटात निःशस्त्र होण्याची वेळ येते.