शुश्रूषेला ‘ड्यूटी’ची अट नको

खडकीचे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ साली उभे राहिले. १९७१च्या युद्धाला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. कमरेखाली किंवा मानेखाली संवेदना गेलेले माजी सैनिक तेथे राहतात, काही जण कित्येक वर्षे. त्यांत सीमेवर गोळी लागलेले आहेत, तसेच सरावात उंचावरून पडलेले आणि रस्त्यावरच्या अपघातात सापडलेलेही आहेत. मज्जारज्जू तुटल्यावर या साऱ्यांचे दुखणे एकच होते. सरकारी कागदावर मात्र ते शेवटपर्यंत वेगवेगळे राहते.

हे दुखणे काय असते, ते रात्री कळते. अंगाला स्पर्शच कळत नसल्यामुळे एका कुशीवर किती वेळ पडून राहिलो, हे रुग्णाला समजत नाही. मदतनीस येतो, त्याला दुसऱ्या कुशीवर वळवतो, दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवतो, टाच आणि माकडहाड विजेरीच्या उजेडात पाहतो. कातडी लाल दिसली आणि दाबूनही लाली हटली नाही, तर त्या अंगावर भार द्यायचा नाही. ही लाली एका रात्री नजरेतून सुटली की काही दिवसांत तेथे जखम होते, ती हाडापर्यंत जाऊ शकते आणि भरायला महिने लागतात. लघवीच्या नळीचेही तसेच. मानेला किंवा पाठीच्या वरच्या भागात इजा असलेल्याची नळी तुंबली तर रक्तदाब एकाएकी भडकतो, डोके फुटेल असे दुखते आणि वेळीच नळी मोकळी झाली नाही तर जीवही जातो. इथे औषधाहून जागता माणूस महत्त्वाचा.

डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडविल रुग्णालयात जखमी सैनिकांसाठी मज्जारज्जू विभाग सुरू केला. तोवर असा सैनिक फार दिवस जगणार नाही, असेच धरून चालत. गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलण्याची शिस्त लावली, रुग्णांना उठवून बसवले, कामाला आणि खेळाला लावले. पॅरालिम्पिकची सुरुवात याच वॉर्डातून झाली. आपले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. त्यांचे पदक आपण मिरवतो, ते योग्यच आहे. पण पोहणे त्यांच्या आयुष्यात आले ते उपचार म्हणून, आणि त्याआधी रुग्णालयातला मोठा काळ होता. तो काळ निभावणारी व्यवस्था आपल्या कौतुकात कुठेच नसते.

आता नियम पाहा. अपंगत्व सैन्यसेवेमुळे आले किंवा सेवेमुळे बळावले, असे ठरले तरच अपंगत्व निवृत्तिवेतन मिळते. सततच्या मदतनिसासाठीचा भत्ताही त्यालाच जोडलेला आहे. रजेवर निघालेला जवान युनिटमधून गावी येताना वाटेत जखमी झाला, तर तो प्रवास सर्वसाधारणपणे ड्यूटीत धरतात. तोच जवान घरी पोहोचला आणि दुसऱ्या दिवशी आईचे औषध आणायला मोटारसायकलवरून गेला असता पडला, तर ती ड्यूटी नाही. त्याच्या वाट्याला येते ते अशक्ततेचे साधे निवृत्तिवेतन. दहा वर्षांहून कमी नोकरी झालेल्याला पूर्वी तेही नव्हते, एकरकमी ग्रॅच्युइटी देऊन त्याला घरी पाठवत. २०२० साली ही अट काढली, तीही ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांपुरती.

युद्धात जखमी झालेल्याला अधिक निवृत्तिवेतन आणि अधिक मान मिळावा, याबद्दल आमचा वाद नाही. तो त्याचा हक्क आहे. पण मान वेगळा आणि शुश्रूषा वेगळी. रात्री दोन वाजता कूस बदलण्याचे काम दोघांच्याही बाबतीत तेवढेच असते. सातारा-सांगलीकडच्या गावात ते काम बायको किंवा म्हातारी आई करते. घराला उंच उंबरा, संडास अंगणापलीकडे, चाकाची खुर्ची दारातच अडते. पाच-सहा वर्षे धिप्पाड माणसाला असे उचलून त्या बाईची स्वतःची कंबर जाते. तिच्या मदतीला पगारी माणूस ठेवायचा, तर त्या पैशाचा निवाडा जवान कोणत्या रस्त्यावर पडला यावरून होतो. हे अन्यायाचे आहे.

लष्करी प्रबोधिनीत शिकत असताना जायबंदी झालेल्या कॅडेटांचे हाल तर याहून जास्त. कमिशन मिळाले नव्हते म्हणून ते माजी सैनिक ठरत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्याच महिन्यात सरकारने त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेतले. खडकवासल्याची प्रबोधिनी आणि खडकीचे केंद्र एकाच पुण्यात आहेत, तरी एवढ्यासाठी दिल्लीच्या न्यायालयाला बोलावे लागले.

मदतनिसाचा भत्ता ‘सेवेमुळे की सेवेबाहेर’ या निवाड्यापासून सोडवावा आणि रुग्णाला दिवसरात्र किती मदत लागते, एवढ्यावरच वैद्यकीय मंडळाने तो ठरवावा. खडकीच्या आणि मोहालीच्या अशाच केंद्रातील मदतनीस, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या पगारासाठी देणगीवर विसंबण्याची वेळ येऊ नये, तो खर्च पूर्णपणे संरक्षण खात्याच्या अर्थसंकल्पात असावा. आणि जवानाला घरी सोडण्याआधी त्याच्या घरच्या माणसाला काही आठवडे केंद्रातच ठेवून घेऊन, लाल झालेली कातडी कशी ओळखायची, तुंबलेली नळी कशी मोकळी करायची, हे हाताला धरून शिकवावे. त्या मुक्कामाचा खर्च आणि बुडालेली मजुरी सरकारने द्यावी.