मिळतीजुळती औषधांची नावे: कंपन्या कोर्टात का जातात आणि तुम्ही काय पाहावे?

गेल्या पावसाळ्यात पैठण तालुक्यातील एका आजींना त्यांचा नातू माझ्या दवाखान्यात घेऊन आला. दोन दिवसांपासून घाम, हातपाय थरथरणे, सकाळी उठल्यावर काही सुचत नाही, अशी तक्रार होती. आजींना फक्त रक्तदाबाचा त्रास. मधुमेह नाही. तरी साखर तपासली, तर ५४ निघाली. पिशवीतले गोळ्यांचे पाकीट बाहेर काढले तेव्हा उलगडा झाला. नातवाने गावातल्या मेडिकलवाल्यांना फोनवर गोळीचे नाव सांगितले होते. त्यांनी जे ऐकले त्या नावाची गोळी दिली. ती मधुमेहाची होती. दोन्ही नावांत शेवटच्या एका अक्षराचा फरक. आजींना लगेच साखर दिली आणि त्या गोळीचा परिणाम बराच वेळ टिकतो म्हणून रात्रभर रुग्णालयात ठेवले. त्या बऱ्या झाल्या.

यात चूक कोणाची? नातवाची म्हणावी तर त्याने नाव बरोबर सांगितले होते. मेडिकलवाल्यांनी खात्री करून घ्यायला हवी होती, हे खरे. पण मुळात दोन वेगळ्या आजारांच्या गोळ्यांना इतकी सारखी नावे मिळतातच कशी, हा प्रश्न मला जास्त छळतो. 'अमुक कंपनीने तमुक कंपनीवर ट्रेडमार्कचा दावा ठोकला' अशी बातमी अधूनमधून पेपरात येते. ती व्यापाराच्या पानावर असते, म्हणून आपण वाचत नाही. औषधांच्या बाबतीत मात्र ती बातमी तुमच्या घरातल्या औषधाच्या डब्याची असते.

नावे सारखी का होतात?

औषधाला दोन नावे असतात. एक मूळ नाव, म्हणजे आतल्या घटकाचे, जसे पॅरासिटामॉल. हे जगभर साधारण एकच असते आणि भारताच्या १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलेले असे नाव कोणत्याही कंपनीला स्वतःच्या मालकीचे करता येत नाही. दुसरे नाव कंपनीने ठेवलेले, ब्रँडचे. घटकाच्या किंवा आजाराच्या नावाचा तुकडा घ्यायचा आणि त्याला पुढे-मागे काहीतरी जोडायचे, ही कंपन्यांची जुनी सवय. डॉक्टरांच्या लक्षात राहावे हा हेतू. पण शंभर कंपन्यांनी तोच तुकडा उचलला की शंभर भावंडे तयार होतात.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मलेरियाच्या औषधांचे आहे. 'फाल्सिपेरम' हा मलेरियाचा घातक प्रकार, मेंदूपर्यंत जाणारा. त्यावरून एका कंपनीने आपल्या औषधाचे नाव ठेवले 'फाल्सिगो' आणि दुसरीने 'फाल्सिटॅब'. गंमत अशी की या दोन्ही कंपन्या, कॅडिला हेल्थकेअर आणि कॅडिला फार्मास्युटिकल्स, एकाच जुन्या कॅडिला घराण्यातून वेगळ्या झालेल्या. फाल्सिगो हे आर्टेसुनेटचे इंजेक्शन होते आणि फाल्सिटॅब ही मेफ्लोक्विनची गोळी. म्हणजे आजार एक, पण औषधे पूर्ण वेगळी. खालच्या न्यायालयाने आणि गुजरात उच्च न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला. दिसायला वेगळी, किंमत वेगळी, शिवाय ही औषधे थेट रुग्णालयांना विकली जातात, तिथे जाणकार लोक असतात, मग गोंधळ कसला, असा तो विचार होता.

सर्वोच्च न्यायालयाला २६ मार्च २००१ रोजी हा विचार पटला नाही. डॉक्टर आणि औषधविक्रेते शिकलेले असले तरी ते चुकतात. गर्दी असते, अक्षर वाचता येत नाही, औषध फोनवर मागवले जाते. आपल्या देशात भाषा अनेक आणि इंग्रजी न येणारे लोक कितीतरी. साबण किंवा बिस्कीट चुकीचे आले तर पैसे गेले म्हणून सोडून देता येते, औषधात चुकीला जागा नाही. म्हणून औषधांच्या नावांना इतर मालापेक्षा कडक कसोटी लावली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. त्या वेळी प्रत्यक्ष मनाई मात्र दिली नाही. ही कसोटी लावून दावा निकाली काढा, असे खालच्या न्यायालयाला कळवले. पण तेव्हापासून देशातल्या औषधांच्या नावांच्या प्रत्येक भांडणात या निकालाचा हवाला दिला जातो.

आपल्या शहराशी जोडलेला खटला

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या कोणालाही वोक्हार्ट हे नाव नवीन नाही. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा, तिन्हीकडे त्यांचे काम आहे आणि माझ्या कित्येक रुग्णांच्या घरातले कोणी ना कोणी तिथे कामाला आहे किंवा होते. या कंपनीचे 'कायमट्रल फोर्ट' आणि टोरेंट कंपनीचे 'कायमोरल' यांच्यात नावावरून वाद झाला. पडल्यावर, दात काढल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर सूज उतरावी म्हणून ही गोळी लिहून दिली जाते. 'कायमोरल' हे जुने नाव. टोरेंटने ते एल्डर फार्मा या कंपनीकडून विकत घेतले होते. मुंबई उच्च न्यायालयात एकल न्यायाधीशांनी टोरेंटला मनाई हुकूम दिला नाही, पण २०१७ मध्ये खंडपीठाने तो दिला. वोक्हार्ट सर्वोच्च न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तिथेही टोरेंटच्या बाजूने निकाल लागला. इतकी वर्षे तुम्ही गप्प होता, म्हणजे तुमची मूक संमतीच होती, हा वोक्हार्टचा मुद्दा न्यायालयाने मानला नाही.

आता यातला बारकावा पाहा. कायमोरल आणि कायमट्रल या दोन्हींत घटक तेच, ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन. समजा एकाऐवजी दुसरी गोळी तुमच्या हातात पडली असती, तर आजींसारखा प्रकार घडला नसता. (या गोळ्यांनी सूज नेमकी किती उतरते, हा वेगळा आणि वादाचा विषय आहे.) कंपनीचे नुकसान खरे होते: वर्षानुवर्षे कमावलेल्या नावावर दुसऱ्याचा माल खपतो. आणि अशा भांडणात कंपन्या जीव तोडून लढतात.

उलट, रक्तदाबाची गोळी एका कंपनीची, मधुमेहाची दुसरीची, नावे जवळजवळ सारखी, तेव्हा कोर्टात कोण जाणार? दोघींचेही गिऱ्हाईक वेगळे. एकीच्या विक्रीने दुसरीचे फारसे बिघडत नाही. वकिलाचे पैसे खर्च करायचे कशाला? माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली खरी फट हीच आहे. ट्रेडमार्कचा दावा नावाचा मालक करतो; गोळी खाणारा त्यात पक्षकार नसतो. तुमचे संरक्षण होते ते कंपनीचे होता होता, आणि जिथे कंपनीला तोटा नाही तिथे तेही होत नाही.

दीड कोटींचा दंड

ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला, तो मला डॉक्टर म्हणून जास्त महत्त्वाचा वाटतो. ग्लेनमार्कचे 'कॅन्डिड-बी' हे बुरशीवरचे मलम. त्याच्याशी मिळतेजुळते 'क्लोडिड' या नावाचे मलम गाल्फा लॅबोरेटरीज विकत होती. न्यायमूर्ती काथावाला यांनी ही कंपनी असे वारंवार करते, असा ठपका ठेवला आणि तिला दीड कोटी रुपये भरायला लावले. ग्लेनमार्कने ते पैसे स्वतःकडे घेतले नाहीत. ते केरळच्या पूरग्रस्तांसाठी मुख्यमंत्री मदतनिधीत गेले. औषध म्हणजे मिठाई नव्हे, औषध कंपन्यांवर लोकांची काळजी घेण्याची खास जबाबदारी आहे, अशा अर्थाचे खडे बोल त्या निकालात आहेत.

मला यात आणखी एक गोष्ट दिसते. कॅन्डिड-बी मधल्या 'बी'चा अर्थ बेक्लोमेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. नुसते 'कॅन्डिड' मलम वेगळे आणि 'बी' लावलेले वेगळे. नायटा, गजकर्ण झाले की शेजारणीच्या सांगण्यावरून स्टेरॉइड असलेले मलम महिनोन्महिने लावणारे रुग्ण मी रोज पाहतो. तात्पुरती खाज थांबते, नायटा मात्र आतून पसरत जातो आणि मग साध्या औषधाला दाद देत नाही. इथे सारखी नावे दोन कंपन्यांची नसून एकाच कंपनीची आहेत आणि ती पूर्ण कायदेशीर आहेत. आपल्याच नावाला शेपटी जोडायला कोणतेही न्यायालय अडवत नाही. क्रोसिनचेच घ्या. क्रोसिन अ‍ॅडव्हान्समध्ये फक्त पॅरासिटामॉल असते, पण सर्दीसाठीच्या क्रोसिन कोल्ड अँड फ्लूमध्ये त्याच्या जोडीला फेनिलएफ्रिनसारखे घटक असतात. रक्तदाब असलेल्या माणसाने 'क्रोसिनच तर आहे' म्हणून ती न विचारता घेऊ नये.

सरकार काय करते?

अमेरिकेत औषधाला मंजुरी देतानाच त्याचे नाव तपासले जाते आणि बाजारात आल्यावरही बदलायला लावले जाते. तिथे आम्लपित्ताचे 'लोसेक' आणि लघवी वाढवणारे 'लॅसिक्स' यांची गल्लत होऊ लागली, तेव्हा १९९०मध्ये लोसेकचे नाव 'प्रायलोसेक' करावे लागले. २०१६मध्ये नैराश्यावरच्या 'ब्रिंटेलिक्स'चे 'ट्रिंटेलिक्स' झाले, कारण रक्त पातळ करणाऱ्या 'ब्रिलिंटा'शी त्याचा घोळ होत होता. कोणी कोणावर दावा लावायची वाट पाहिली गेली नाही.

आपल्याकडे नोव्हेंबर २०१९मध्ये औषध नियमांत बदल झाला. नवे ब्रँड नाव घ्यायचे तर कंपनीने 'फॉर्म ५१' भरून लिहून द्यायचे, की ट्रेडमार्क नोंदणी, केंद्राची माहिती, पुस्तके, इंटरनेट सगळे शोधले आणि आमच्या माहितीप्रमाणे असे नाव आधी नाही. पाऊल चांगले आहे, पण हे कंपनीचे स्वतःचेच हमीपत्र. उत्पादनाचे परवानेही राज्याराज्यांत वेगळे दिले जातात. हिमाचलात परवाना मिळालेली गोळी कन्नडच्या मेडिकलमध्ये मिळते. शिवाय २०१९पूर्वी बाजारात आलेली जोडगोळी नावे आहेत तिथेच आहेत.

मग तुम्ही काय कराल?

पाकिटावर सर्वांत आधी मूळ नाव शोधा. २०१८पासून बहुतेक औषधांवर हे नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापणे बंधनकारक आहे (तीन किंवा जास्त घटकांच्या मिश्रणांना सूट आहे). डोळे साथ देत नसतील तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा. नेहमीच्या औषधांची मूळ नावे आणि मिलिग्रॅम एका कागदावर लिहा किंवा मला, तुमच्या डॉक्टरांना, लिहून मागा. त्यात आम्हाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. आमच्या अक्षराची कीर्ती तुम्हाला माहीतच आहे.

औषध घेताना आजारही सांगा. 'बीपीची अमुक गोळी द्या' एवढे म्हटले तरी समोरचा माणूस थांबून पाकीट बघतो. आजींच्या नातवाने फक्त 'बीपीची' हा शब्द जोडला असता तर पुढचे टळले असते. फोनवर नाव सांगू नका. चिठ्ठीचा किंवा जुन्या पाकिटाचा फोटो पाठवा. 'ती पिवळी, छोटी गोळी' यावर तर बिलकूल जाऊ नका, कंपनी रंग कधीही बदलते.

गोळ्या घेताना पाकीट अशा बाजूने फोडा की नाव आणि मुदत शेवटपर्यंत वाचता येईल. दोन-चार गोळ्या कापून घ्यायच्या असतील तर नावाचा तुकडा मागून घ्या किंवा पूर्ण पाकिटाचा फोटो ठेवा. मेडिकलवाल्यांनी 'हे नाही, पण सेमच आहे' असे म्हटले तर घटक आणि मिलिग्रॅम जुन्या पाकिटाशी ताडून बघा आणि डॉक्टरांना एक फोन करा. चिठ्ठीवर मिळणाऱ्या शेड्यूल एच औषधाऐवजी दुकानदाराने आपल्या मनाने दुसरे द्यायला नियमाने मनाई आहे, घटक तेच असले तरी. जनऔषधी केंद्रात मात्र ब्रँड नसतेच, मूळ नावानेच गोळी मिळते. तिथे तुमचा तो कागद सर्वांत जास्त उपयोगी पडेल.

१ ऑगस्ट २०२३पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड किंवा बारकोड असतो. स्कॅन केल्यावर मूळ नाव, कंपनी, बॅच, मुदत दिसते. घरातल्या कॉलेजच्या पोराला हे काम द्या, त्याला दोन मिनिटे लागतील.

नवीन पाकिटातली गोळी सुरू केल्यावर एकाएकी घाम, चक्कर, गुंगी, धडधड किंवा अंगावर पुरळ आले तर पुढची गोळी थांबवा, पाकीट घेऊन लगेच डॉक्टरकडे किंवा घाटीच्या अपघात विभागात जा. पाकीट फेकू नका, दुकानदाराला परतही करू नका. उपचार त्यावरूनच ठरतो. औषधाचा त्रास झाल्याची नोंद तुम्ही स्वतःही करू शकता, राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा क्रमांक मोफत आहे. आजींच्या वेळी आम्ही चुकीच्या पाकिटाचा फोटो त्या मेडिकलवाल्यांना पाठवला. त्यांनी ती दोन औषधे तेव्हापासून वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवली आहेत.