खड्डा की झीज? गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधीचा पहिला प्रश्न

निंदण आणि कापूसवेचणीत उमेदीची वर्षे गेलेल्या कामरगावच्या घरांना गुडघेदुखी नवी नाही. परंतु एमआरआयच्या अहवालात ‘कूर्चेला इजा’ असे शब्द दिसले की घरातले सारेच धास्तावतात. शस्त्रक्रिया करावीच लागेल का? लागलीच तर कोणती? अकोल्याला किंवा अमरावतीला तज्ज्ञांकडे जाण्यापूर्वी यातला मूळ भेद समजून घ्यावा.

मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोके गुळगुळीत, पांढऱ्या, काही मिलिमीटर जाडीच्या आवरणाने झाकलेली असतात. तीच कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नसल्याने तिची जखम सहसा आपोआप भरत नाही. ही हानी दोन प्रकारची असते. पडल्यामुळे किंवा पाय मुरगळल्यामुळे चांगल्या कूर्चेत एखादा खड्डा पडतो. अथवा वयोमानाने सांध्याची कूर्चा सर्वत्र झिजत जाते. रस्त्यावरचा एक खड्डा बुजवता येतो. डांबरच उखडलेला रस्ता ठिगळांनी सुधारत नाही.

खड्डा बुजवण्याच्या मुख्य पद्धती तीन. पहिलीत उघड्या हाडाला बारीक छिद्रे पाडतात. त्यांतून आलेल्या रक्ताच्या गुठळीपासून नवी ऊती तयार होते, पण ती मूळ कूर्चेइतकी टिकाऊ नसते. दुसरीत गुडघ्याच्या कमी भार पडणाऱ्या भागातून हाडासह कूर्चेचे छोटे दंडगोल काढून खड्ड्यात बसवतात. तिसरीत रुग्णाच्याच कूर्चेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून रोपतात. स्वीडनच्या शल्यविशारदांनी या पद्धतीचे निष्कर्ष 1994 मध्ये प्रसिद्ध केले. या तिन्ही पद्धती प्रामुख्याने तरुण व मध्यमवयीन रुग्णांसाठी आहेत. शस्त्रक्रियेनंतर अनेक आठवडे पायावर पूर्ण भार देता येत नाही. सत्तरीतल्या झिजलेल्या गुडघ्याला त्यांचा सहसा उपयोग होत नाही.

‘दुर्बिणीने सांधा धुऊन घेऊ’ हा सल्लाही तपासून घ्यावा. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे झिजेचा संधिवात असलेल्या 180 रुग्णांवर झालेला अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींचा सांधा दुर्बिणीतून धुतला वा साफ केला; काहींच्या त्वचेवर केवळ छेद दिले. दोन वर्षांनंतरही वेदनेत फरक आढळला नाही. शिवाय उतारवयात दोन हाडांमधली चंद्रकोरी गादी फाटलेली दिसणे सर्रास आहे; ज्यांना वेदना नाही अशांतही ती दिसते. म्हणून अहवालावर नव्हे, रुग्णाच्या त्रासावर निर्णय व्हावा.

झिजेवरचा पहिला उपचार म्हणजे मांडीचे स्नायू बळकट करणारा नियमित व्यायाम, वजनावर नियंत्रण, हातात काठी आणि उकिडवे बसणे टाळणे. एवढ्याने भागले नाही तर पुढचे पर्याय आहेत. झीज एकाच बाजूला आणि वय तुलनेने कमी असेल, तर नडगीचे हाड कापून पायाची रेषा सरळ करतात किंवा केवळ तेवढाच भाग बदलतात. सर्वत्र झीज असेल तर संपूर्ण सांधारोपण. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर 2000 आणि 2001 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी हीच शस्त्रक्रिया केली. तेव्हा वाजपेयींनी पंचाहत्तरी गाठलेली होती. केवळ वयामुळे दार बंद होत नाही. हृदय, मधुमेह आणि रक्तदाब यांची तपासणी मात्र काटेकोर हवी.

खर्चाबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऑगस्ट 2017 पासून केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आहे. त्यामुळे देयकात सांध्याची किंमत वेगळी दाखवण्यास सांगावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मिळेल का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारावे.

काळजीवाहकांनी घरी आधाराची दांडी, उंच खुर्ची आणि कमोडची सोय शस्त्रक्रियेपूर्वीच करावी. पेरणी-वेचणीच्या धांदलीत व्यायाम करून घ्यायला कोण असेल, हेही ठरवावे. व्यायाम राहिला तर सांधा आखडतो.

गुडघा अचानक अडकून सरळच होईनासा झाला, किंवा तापासह लाल व सुजलेला दिसला, तर मात्र थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एरवी घाई नसते. उभे राहून काढलेला एक्स-रे सोबत न्यावा आणि तज्ज्ञांना शांतपणे विचारावे, “डॉक्टर, हा खड्डा आहे की झीज? आणि शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल?”