‘गॅरेजपे लगा दो’ म्हणण्याआधी

नाशिक रोडला राहणारा माझा भाचा चौथीत आहे. हिशेब तोंडी चोख करतो; पण ‘ब’ आणि ‘व’ लिहिताना गोंधळतो, वाचताना ओळ चुकते. शाळेत आपाला ऐकवलं गेलं, "तुमच्या घरी मराठी बोलत नाहीत, म्हणून असं होतं." त्याच घरातली त्याची थोरली बहीण मराठी झरझर वाचते, त्याचं काय? मूल मुसलमान असलं की कारण आयतंच सापडतं, मग तपासणी राहून जाते.

घरचेही कमी नाहीत. चाचा म्हणाले, "पढाई में दिमाग नहीं, गॅरेजपे लगा दो."

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. ती लवकरात लवकर ओळखून मुलाला मदत करणं शाळेचं काम आहे, असं कलम १६ सांगतं. दहावीला जादा वेळ, लेखनिक मिळतो, पण प्रमाणपत्र असेल तर. चौथीतच ‘ढ’ ठरलेलं पोर दहावीपर्यंत टिकणार कसं?

शिक्षकांनो, दोष भाषेवर ढकलू नका. आणि माझ्या समाजातल्या आईबापांनो, तपासणीसाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ही मेहरबानी नाही, हक्क आहे.