प्रत्येकाचे काम पास, सगळ्यांचे मिळून नापास



आमचे इंदिरानगर मुंबई-आग्रा महामार्गाच्या एका अंगाला आहे आणि अंबडची औद्योगिक वसाहत दुसऱ्या अंगाला. त्यामुळे आमच्या वर्गातल्या कित्येक मुलांचे वडील, काका, मोठे भाऊ कंपनीत जातात. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पालकसभा ठेवली की निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात, हे आम्ही अनुभवाने ओळखून आहोत. महिन्याचे पहिले 10 दिवस मशीनपुढे बसून माल येण्याची वाट पाहायची आणि शेवटच्या 5 दिवसांत रविवारसुद्धा कामावर काढायचा, असे अनेक ठिकाणी चालते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते, "मागून माल आला नाही."

मागच्यांना विचारले तर ते म्हणतात, "आम्हाला कोणी सांगितलेच नाही." विक्रीवाल्याने गिऱ्हाईकाला तारीख देऊन टाकली, खरेदीवाल्याने आपल्या हिशोबाने पोलादाची ऑर्डर दिली, उत्पादनवाल्याने आपली मशीन दुसऱ्याच कामाला लावली. तिघांचाही आराखडा आपापल्या कागदावर बिनचूक असतो. पण तिन्ही कागद एका टेबलावर कधी आलेलेच नसतात. या न जुळलेल्या कागदांची किंमत शेवटी सर्वांत खालचा कामगार मोजतो. त्याची झोप जाते, त्याचा रविवार जातो आणि बोलणीही त्यालाच खावी लागतात. म्हणून हा विषय फक्त साहेबलोकांचा आहे असे आम्ही मानत नाही. तो आपल्या घरांचाही आहे.

आपल्या जिल्ह्यातलेच एक मोठे उदाहरण पाहू. नाशिकची द्राक्षे युरोपात जातात, याचा आपल्याला अभिमान आहे. 2003 साली युरोपात आपल्या द्राक्षांवर कीडनाशकांचे अंश सापडले आणि मोठा धक्का बसला. त्यानंतर निर्यातीच्या प्रत्येक बागेतल्या द्राक्षांची तपासणी सुरू झाली. 2006 मध्ये 'अपेडा' या केंद्र सरकारच्या निर्यात संस्थेने 'ग्रेपनेट' नावाची संगणकीय व्यवस्था आणली. बागेची नोंद, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊस, निर्यातदार हे सगळे एका साखळीत आले. पेटीवरच्या क्रमांकावरून ती द्राक्षे कोणत्या बागेतली, हे शोधता येऊ लागले. वाटले, आता चूक होणे नाही.

तरीही 2010 च्या हंगामात घात झालाच. क्लोरमेक्वाट क्लोराइड नावाचे वेलीची वाढ आवरणारे एक रसायन आहे. शेतकरी त्याला सीसीसी म्हणतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची नुसती पानाफांद्यांची वाढ रोखून तिने घड धरावेत म्हणून ते आपल्याकडे फवारले जात असे. युरोपची मर्यादा होती एका किलोला 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे 10 कोटी भागांत 5 भाग. द्राक्षे युरोपात पोचली, तिथे तपासणी झाली आणि त्यात हे रसायन मर्यादेपेक्षा जास्त निघाले. माल अडकला, भाव कोसळले, शेतकरी आणि निर्यातदार दोघेही बुडाले.

आता यात नापास कोण झाले, ते पाहा. शेतकऱ्याने नेहमीचेच औषध फवारले होते. प्रयोगशाळेने आपल्या यादीतल्या प्रत्येक रसायनाची तपासणी केली होती. पॅकहाऊसने अहवाल पाहूनच पेट्या भरल्या होत्या. जो तो आपल्या कामात पास होता. पण सीसीसी तपासणीच्या यादीतच नव्हते. शेतकरी एप्रिलमध्ये काय फवारतो ते यादी करणाऱ्यांपर्यंत पोचले नव्हते आणि युरोपचा व्यापारी काय तपासणार ते शेतकऱ्यापर्यंत पोचले नव्हते. संगणक सर्वांना जोडून होता. पण जे कोणी एकमेकांना विचारलेच नाही, ते संगणक कुठून सांगणार? पुढे ते रसायन यादीत आले आणि निर्यातीच्या बागेत ते वापरू नका, असे शेतकऱ्याला आधीच बजावले जाऊ लागले. एप्रिलमध्ये पेरलेली चूक पुढच्या वर्षी परदेशातल्या बंदरावर उगवली, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. कंपनीतही चूक दिसते शेवटच्या टेबलावर, पण ती झालेली असते पहिल्या टेबलावर.

असे आपल्याकडेच होते असे समजू नका. ओझरला विमाने बनतात, त्यामुळे विमान म्हणजे किती हातांचे काम असते याची नाशिककरांना कल्पना आहे. युरोपच्या एअरबस कंपनीने ए-380 हे दोन मजली विमान बनवायला घेतले. त्यात सुमारे 530 किलोमीटर लांबीच्या वायरी होत्या. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या कारखान्याने आपल्या भागाचे वायरिंग तयार करून फ्रान्समधल्या तुलूझला पाठवले. तिथे जोडायला घेतले तर वायरी कमी पडल्या. आरेखनाचे सॉफ्टवेअर एकाच नावाचे होते, पण जर्मन विभाग त्याची चौथी आवृत्ती वापरत होता आणि फ्रेंच विभाग पाचवी. विमान गिऱ्हाईकाच्या हाती पडायला ऑक्टोबर 2007 उजाडला, ठरल्यापेक्षा सुमारे दोन वर्षे उशिरा. अब्जावधी युरो गेले. दोन्हीकडचे इंजिनिअर हुशारच होते.

मग जुळवायचे कसे? आम्ही उर्दूही शिकवतो, म्हणून दोन शब्दांचा फरक सांगतो. एक शब्द 'मशवरा', दुसरा 'इत्तला'. दोन्ही आपल्या घरात रोज वापरले जातात. मशवरा निर्णयाच्या आधी होतो, इत्तला निर्णयाच्या नंतर मिळते. घरात लग्न ठरवताना मोठ्या भावाला आधी विचारले तर मशवरा, छापलेली पत्रिका हातात ठेवली तर इत्तला. पत्रिका हातात पडलेला भाऊ मांडवात येतो खरा, पण कामाला हात लावत नाही. कंपन्यांत ज्याला 'प्लॅनिंग मीटिंग' म्हणतात, ती बहुतेक वेळा इत्तला असते. आकडे वरून ठरून आलेले असतात, खालच्यांनी फक्त मान डोलवायची. मग महिनाअखेरीला ते आकडे हुकले की आश्चर्य कसले?

जपानी कारखान्यांत याला एक सुरेख पद्धत आहे. वरच्यांनी वर्षाचे उद्दिष्ट खाली पाठवायचे, खालच्यांनी "हे होईल, हे होणार नाही, यासाठी अमुक लागेल" असे लिहून परत वर पाठवायचे. चेंडू झेलावा तसा आराखडा दोन-तीन वेळा वर-खाली जातो, मगच पक्का होतो. टोयोटाने प्रियस ही गाडी बनवताना आणखी एक गोष्ट केली. मुख्य अभियंता ताकेशी उचियामादा यांनी आरेखन, इंजिन, उत्पादन अशा विभागांच्या प्रमुखांना एका मोठ्या खोलीत आणून बसवले. सगळ्यांचे नकाशे आणि तारखा भिंतींवर लावल्या. एकाने तारीख बदलली की ती दुसऱ्याला समोरच दिसे. डिसेंबर 1997 मध्ये ती गाडी बाजारात आलीसुद्धा. त्याच टोयोटात कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असते. काही बिनसले की ती ओढायची. म्होरक्या धावत येतो आणि दोष लगेच निघाला नाही तर सगळी लाइन थांबते. "थांबा" म्हणण्याचा हक्क सर्वांत खालच्या माणसालाही आहे.

आपल्या वाचकांपैकी काहींचे स्वतःचे छोटे व्यवसाय आहेत. कुणाचे फर्निचर, कुणाचे फॅब्रिकेशन, कुणाचे शिवणकाम. 10 माणसांच्या कारखान्यातही हे जमते आणि त्याला सॉफ्टवेअर लागत नाही. महिन्याच्या सुरुवातीला प्रत्येक विभागाने एका कागदावर दोन रकाने आखावेत. पहिला रकाना, "मी कोणाला, काय, कधी देणार." दुसरा रकाना, "मला कोणाकडून, काय, कधी हवे." मग सगळे कागद शेजारी शेजारी ठेवावेत. सुताराच्या कागदावर लिहिले असेल, "कपाट 20 तारखेला पॉलिशला देणार." पॉलिशवाल्याच्या कागदावर असेल, "कपाट 14 ला हवे." गिऱ्हाईकाला शब्द दिलेला असेल 18 चा. हा 6 दिवसांचा फरक पहिल्या तारखेला कागदावर दिसला तर एक फोन करून सुटतो. तोच 18 तारखेला दिसला तर भांडण, रात्रपाळी आणि गिऱ्हाईकाची नाराजी.

एवढ्याने भागत नाही, कारण तारखा बदलतात. म्हणून आठवड्यातून एकदा 15 मिनिटे सगळ्यांनी उभ्याउभ्या बोलावे. कोणी किती काम केले याचा पाढा तिथे वाचू नये. काय बदलले आणि त्याचा त्रास कोणाला होणार, एवढेच सांगावे. बैठका वाढवणे म्हणजे जुळवणे नव्हे. लांबलेली बैठक हीसुद्धा कामाची चोरीच आहे. आणखी एक, आराखड्यात थोडी जागा मोकळी ठेवावी. वेळापत्रकात एक तास मोकळा ठेवला नाही तर एक शिक्षक आजारी पडताच शाळेचा सगळा दिवस कोलमडतो. मशीनचेही तसेच.

हे सगळे मालकाच्या आणि साहेबाच्या हातात आहे, आपल्या मुलाच्या हातात काय, असे कुणी विचारील. नवीन लागलेल्या मुलाला कंपनीचा आराखडा बदलता येत नाही, हे खरे. पण त्याला आपल्या पुढच्या टेबलावरच्या माणसाचे नाव माहीत असू शकते. त्याला कोणता माल, कशा अवस्थेत आणि किती वाजता लागतो, हे तो विचारू शकतो. उशीर होणार असे दिसताच लपवून न ठेवता त्याच दिवशी सांगू शकतो. आपण घरी मुलांना "सांगितलेले काम कर" एवढेच शिकवतो. त्याच्या जोडीला "तुझे काम पुढे कोणाच्या हातात जाते, ते बघून ये" हेही शिकवायला हवे. या महिन्यात घरातल्या नोकरदार मुलाला किंवा मुलीला एवढेच विचारून पाहा. उत्तर देता आले नाही तर रागावू नका, दुसऱ्या दिवशी विचारून यायला सांगा.